आवडलं आणि नाहीही आवडलं

मुलांनो, एखादी गोष्ट तुम्हाला खूप आवडते आणि तरीही तिचा राग येतो, असं कधी झालंय का? झालंच असणार! लाडका फलंदाज नव्वदीत जाऊन वेडावाकडा फटका मारून बाद होतो, तेव्हा काय होतं? आपण टीव्हीसमोर हातपाय आपटतो. पण दुसऱ्या दिवशी कोणी त्याला नावं ठेवली, तर त्याच्या बाजूने भांडायलाही आपणच पुढे असतो! आजच्या तासाला आपण अशाच गोड-कडू गोष्टीबद्दल बोलू या. ही गोष्ट आहे टीव्हीवरच्या एका मालिकेची, खरं तर तिच्या शेवटच्या भागाची.

मालिकेचं नाव 'स्मॉलव्हिल'. अमेरिकेत १६ ऑक्टोबर २००१ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि १३ मे २०११ रोजी शेवटचा. दहा पर्वं, एकूण २१७ भाग! म्हणजे पहिला भाग पाहताना जो मुलगा चौथीत होता, तो शेवटचा भाग पाहताना कॉलेजात पोचला होता. ही मालिका मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आहे. शेवटचा भाग तर तीनदा पाहिलाय. त्यामुळे आज बाई जरा जास्त बोलल्या, तर समजून घ्या हं!

सुपरमॅन तुम्हाला माहीत आहेच. निळा पोशाख, लाल केप, छातीवर मोठं 'एस' अक्षर. पण त्याचा जन्म कुठे झाला ठाऊक आहे? क्रिप्टॉन ग्रहावर, असं तुम्ही म्हणाल. ते गोष्टीतलं झालं. खरा जन्म झाला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड गावातल्या दोन शाळासोबत्यांच्या डोक्यात. जेरी सीगल लिहायचा आणि जो शुस्टर चित्रं काढायचा. १९३८ साली त्यांचा सुपरमॅन 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात छापला गेला. त्याचे सगळे हक्क या दोघांनी अवघ्या १३० डॉलरना विकून टाकले होते! आणखी एक गंमत सांगू? त्या पहिल्या अंकातल्या सुपरमॅनला उडता येत नव्हतं. तो नुसत्या लांब उड्या मारायचा. एक उडी पाव मैलाच्या निम्मी, म्हणजे साधारण दोनशे मीटर. उडणं त्याच्या अंगी नंतर आलं.

'स्मॉलव्हिल'मध्ये मात्र सुपरमॅन नव्हताच. होता तो क्लार्क केंट नावाचा शाळकरी मुलगा. कॅन्सस राज्यातल्या एका लहानशा गावात शेतकरी आईबाबांकडे वाढणारा. तो परग्रहावरून आलाय, हे फक्त त्या तिघांना माहीत. धावायला लागला की वाऱ्यासारखा दिसेनासा होतो, ट्रॅक्टर एका हाताने उचलतो, पण शाळेतल्या मुलीशी बोलायची वेळ आली की ततपप होते! क्लार्कचं काम टॉम वेलिंग या नटाने केलं.

मालिका रचणारे दोघे होते, अल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर. त्यांनी सुरुवातीलाच एक नियम ठरवला. आपला क्लार्क उडणार नाही आणि सुपरमॅनचा पोशाखही घालणार नाही. का? तर ही गोष्ट सुपरमॅनची नाही, सुपरमॅन होण्याआधीच्या मुलाची आहे.

आता आपला 'शक्तिमान' आठवा. तुमच्यापैकी काहींनी तो २०२० साली टाळेबंदीत दूरदर्शनवर पुन्हा लागला तेव्हा पाहिला असेल, आणि तुमच्या आईबाबांनी १९९७ पासून. चष्मेवाला, भोळसट पंडित गंगाधर वर्तमानपत्रात फोटो काढायचं काम करायचा, आणि संकट आलं की गर्रकन फिरून शक्तिमान व्हायचा. चष्मा आणि वर्तमानपत्र या दोन्ही गोष्टी सुपरमॅनच्या घरातल्याच, नाही का? पण शक्तिमानचा पोशाख आपल्याला वरचेवर बघायला मिळायचा. 'स्मॉलव्हिल'चं उलटं. तिथे दहा वर्षं वाट पाहायची होती.

आणि मग तो शेवटचा भाग आला. दोन तासांचा. नावही साधंच, 'फिनाले', म्हणजे अखेर. तो पाहून कोणी डोळे पुसले, कोणी कपाळावर हात मारला. माझ्यासारख्या पुष्कळांनी तर दोन्ही केलं!

ज्यांनी तो पाहिलेला नाही आणि पुढेमागे पाहायचाय, त्यांनी इथे थांबावं बरं का. पुढे मी शेवट सांगून टाकणार आहे.

आधी काय आवडलं ते सांगते.

क्लार्कचे बाबा, जोनाथन केंट, मालिकेच्या शंभराव्या भागात वारले. ते साल होतं २००६. साधा शेतकरी माणूस. अंगात काही जादू नाही, पण मुलाला वळण लावलं ते त्यांनीच. शेवटच्या भागात ते क्लार्कला पुन्हा दिसतात. बर्फाच्या त्या मोठ्या गुहेत, सुपरमॅनचा पोशाख क्लार्कच्या हातात ठेवतात ते बाबा! क्रिप्टॉनवरचा महाज्ञानी जन्मदाता जॉर-एल पोशाख देत नाही. देतो तो मळ्यात राबणारा, मांडीवर घेऊन वाढवणारा बाप. मला विचाराल तर सगळ्या दहा वर्षांचं सार या एका प्रसंगात आलं. शक्ती कुठूनही येवो, चांगुलपणा घरातून येतो. हे कोणी भाषण देऊन सांगितलं नाही. नुसता पोशाख एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि आपल्याला कळलं.

दुसरं आवडलं ते लेक्स ल्यूथरचं परत येणं. लेक्स आधी क्लार्कचा जिवलग मित्र आणि मग हळूहळू वैरी. त्याचं काम करणारा मायकेल रोझेनबॉम २००८ मध्येच मालिका सोडून गेला होता. पण शेवटच्या भागासाठी तो आला. जळून पडलेल्या वाड्यात दोघं समोरासमोर उभे राहतात, तेव्हा मारामारी होत नाही. दोन जुने मित्र बोलतात, एवढंच. तरी अंगावर काटा येतो.

आणि तिसरं म्हणजे अगदी शेवटचा क्षण. क्लार्क 'डेली प्लॅनेट' या वर्तमानपत्राच्या गच्चीवर धावत जातो, शर्टाची बटणं तटातटा तोडतो, आत 'एस' दिसतो, आणि १९७८ च्या 'सुपरमॅन' सिनेमासाठी जॉन विल्यम्स यांनी केलेलं ते संगीत घुमायला लागतं. झालं! मालिका संपली. त्या सिनेमात सुपरमॅन झालेले क्रिस्टोफर रीव्ह २००३ मध्ये याच मालिकेत येऊन गेले होते. १९९५ साली घोड्यावरून पडल्यामुळे त्यांचं शरीर लुळं पडलं होतं. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी एका शास्त्रज्ञाचं काम केलं आणि क्लार्कला तो मुळात कुठून आला हे सांगितलं. २००४ मध्ये ते वारले. म्हणून शेवटी ते संगीत ऐकलं की त्यांचीही आठवण येते.

आता नाही आवडलं ते. इथे बाई थोड्या चिडणार आहेत!

पहिली तक्रार पोशाखाची. दहा वर्षं ज्याची वाट पाहिली, तो पोशाख घालून क्लार्क समोर नीट उभा राहिलाच नाही हो! आकाशातून भुर्रकन जाणारा दिसला तो संगणकावर काढलेला, लांबून, लहानसा. जवळून दिसला तो फक्त चेहरा, फार तर खांदे. विमानाच्या खिडकीतून लोईस त्याला पाहते तेव्हाही तेवढंच. जेवणाच्या पंगतीत सकाळपासून जिलबीचा वास यावा, आणि वाढपी ताट घेऊन आपल्या पानासमोरून नुसताच निघून जावा, तसं वाटलं.

दुसरी तक्रार डार्कसाईडची. हा मालिकेतला सगळ्यांत मोठा दुष्ट. दहाव्या वर्षात येणार, येणार म्हणून सारखी भीती दाखवली. आणि शेवटी? क्लार्क एकदा त्याच्या अंगावर उडत गेला, की खेळ खलास. वर्षभर परीक्षेचा अभ्यास करावा आणि पेपरात एकच प्रश्न यावा, तोही 'गाळलेल्या जागा भरा'!

तिसरी तक्रार लेक्सची. त्याची सावत्र बहीण टेस मरता मरता त्याच्या चेहऱ्याला असं काही लावते, की त्याची सगळी स्मृती पुसली जाते. दहा वर्षांची मैत्री, भांडणं, क्लार्कचं गुपित, सगळं गेलं. पाटीवर ओलं फडकं फिरवल्यासारखं!

चौथी तक्रार लग्नाची. क्लार्क आणि लोईसचं लग्न ऐन चर्चमध्ये मोडतं. ठीक आहे, संकट आलं. पण मग गोष्ट सात वर्षं पुढे जाते, आणि तरीही लग्न राहिलेलंच!

हे सगळं मी आमच्या वर्गात सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, मग सरळ सांगा ना, चांगला होता की वाईट?" दुसरी म्हणाली, "एवढं नाही आवडलं तर तीनदा कशाला पाहिलात?"

प्रश्न चांगले आहेत. आणि आजचा खरा धडा इथेच आहे.

पुष्कळदा आपल्याला वाटतं, एखादी गोष्ट आवडते म्हटल्यावर तिच्याबद्दल वावगं बोलायचं नाही. बोललो तर आपण खरे चाहते नाही! नाहीतर उलट, एक गोष्ट मनासारखी झाली नाही की "सगळंच बेकार" म्हणून हात झटकायचे. दोन्हीत डोकं चालवावं लागत नाही. म्हणून दोन्ही सोपं आहे.

अवघड काय आहे सांगू? आपल्या तक्रारीलाच उलटतपासणीला उभं करणं. मी प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारते. गोष्टीने हे मला कबूल केलं होतं, की ही माझीच इच्छा होती?

बघा हं. पोशाख हवा ही इच्छा कोणाची? आपली. रचणाऱ्यांनी तर पहिल्यापासूनच सांगितलं होतं, पोशाख मिळणार नाही. मग तक्रार करायचा आपल्याला हक्क काय? इथवर माझी तक्रार हरली. पण थांबा! गॉफ आणि मिलर २००८ मध्ये मालिकेतून बाहेर पडले. पुढची तीन वर्षं दुसऱ्यांनी ती चालवली. त्यांनी काय केलं? दहाव्या वर्षाच्या पहिल्याच भागात तो पोशाख आपल्याला दाखवला, आणि मग बर्फात ठेवून दिला. म्हणजे क्लार्क लायक झाला की तो मिळणार, असं गोष्टीने स्वतःच सांगितलं. जिलबीचं ताट आम्ही मागितलं नव्हतं, वाढप्यानेच दाखवलं! मग ते पानात पडायला नको का? माझी ही तक्रार पास.

डार्कसाईडचंही तसंच. वर्षभर भीती गोष्टीनेच घातली, म्हणजे मोठ्या लढाईचं कबूल केलं. तीही तक्रार पास. लग्नाचं तर विचारूच नका, पत्रिका छापून झाल्या होत्या!

लेक्सची तक्रार मात्र नापास झाली. का ते सांगते. कॉमिक्सच्या ज्या गोष्टी आपण वर्षानुवर्षं वाचतो, त्यांत बहुतेक वेळा लेक्सला क्लार्क केंट हाच सुपरमॅन आहे हे ठाऊक नसतं. 'स्मॉलव्हिल'मधल्या लेक्सला ते कळलेलं होतं. मग हे ओढे त्या मोठ्या नदीला मिळायचे कसे? त्यासाठी त्याची स्मृती पुसणं भागच होतं. मला वाईट वाटलं, ते वाटणारच. पण वाईट वाटणं वेगळं आणि चूक दाखवणं वेगळं. मित्राने आपल्याला ओळखलंच नाही, याहून मोठी शिक्षा क्लार्कला दुसरी कोणती असणार? असा विचार केला, की जे नाही आवडलं तेच हळूहळू आवडायला लागतं.

कळलं ना, मी तीनदा का पाहिलं ते? पहिल्यांदा पाहिलं वाट पाहणाऱ्या डोळ्यांनी. तेव्हा फक्त पोशाख शोधत होते. दुसऱ्यांदा जोनाथनबाबा नीट दिसले. तिसऱ्यांदा लेक्स.

पुढची हकीकतही ऐकून ठेवा. डिसेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या मालिकांच्या एका एकत्र कथेत टॉम वेलिंग पुन्हा क्लार्क म्हणून आला. सोबत लोईसचं काम करणारी एरिका ड्युरान्सही होती. आता तरी पोशाख दिसणार, असं चाहत्यांना वाटलं. आणि क्लार्क आला तो चौकड्यांचा शर्ट घालून, शेतात लाकडं फोडत! आपल्या शक्ती त्याने सोडून दिल्या होत्या. का? तर मुलीबाळींसाठी, घरासाठी. पुन्हा चाहते दोन बाजूंना. काहींना वाटलं, हा काय सुपरमॅन? काहींना वाटलं, वा, हा तर अगदी बापावर गेला! मी कोणत्या बाजूला असेन, हे तुम्ही ओळखलं असेलच. इथे पोशाखाचं कोणी कबूलच केलं नव्हतं, म्हणून माझी तक्रारही नाही. जोनाथनचा मुलगा जोनाथनसारखा झाला. याहून चांगला शेवट मला तरी सुचला नसता.

तर मागच्या बाकावरच्या माझ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. तो भाग चांगला होता, आणि त्यात तीन ठिकाणी कबूल केलेलं दिलं नाही. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं खोडलं जात नाही. तुझ्या निबंधावर मी 'छान' असा शेरा मारते आणि खाली शुद्धलेखनाच्या तीन चुकांना गोलही करते. म्हणून काय निबंध वाईट होतो?

पालकांसाठी चार ओळी. मुलं मालिकेबद्दल, सिनेमाबद्दल तावातावाने बोलायला लागली की "पुरे झालं त्या टीव्हीचं, पुस्तक काढ" असं आपल्या तोंडून पटकन निघतं. टीव्हीला वेळेचं बंधन हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण एखादेवेळी, पोळ्या लाटता लाटता का होईना, एवढंच विचारून बघा, "का नाही आवडलं?" मूल आधी म्हणेल, "बोअर होतं." तिथे सोडू नका. "कुठून बोअर व्हायला लागलं?" असं पुढे विचारा. मग ते आठवेल, क्रम लावेल, कारण शोधेल, उदाहरण देईल. हेच तर आम्ही भाषेच्या तासाला शिकवायची धडपड करत असतो! आणि आणखी एक. लाडक्या नायकाची चूक मोकळेपणी सांगता येणारं मूल उद्या मित्राची चूकही मैत्री न तोडता सांगू शकेल. आपलीसुद्धा सांगेल. तेव्हा मात्र रागवायचं नाही हं!

आता घरचा अभ्यास. घाबरू नका, गणित नाही.

वहीचं एक पान घ्या. मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'आवडलं', उजवीकडे 'नाही आवडलं'. तुमची सर्वांत लाडकी मालिका, सिनेमा किंवा पुस्तक घ्या. लाडकंच घ्यायचं, नावडतं नाही. नावडत्याच्या चुका काय, कोणीही काढतं. प्रत्येक बाजूला निदान तीन गोष्टी लिहा, आणि प्रत्येकीपुढे 'कारण' लिहून कारण द्या. 'मस्त', 'भारी', 'बोअर', 'बकवास' हे चार शब्द वापरायला बंदी! मग उजवीकडच्या प्रत्येक ओळीला तो प्रश्न विचारा. गोष्टीने कबूल केलं होतं, की माझी इच्छा होती? तक्रार पास झाली तर पुढे 'पा' लिहा, नापास झाली तर 'ना'.

एक सूचना. तुमची एकही तक्रार नापास झाली नाही, तर तपासणारा परीक्षक फार मायाळू आहे असं समजा आणि पुन्हा तपासा!

चला, घंटा झाली. पुढच्या आठवड्यात भेटू.

– तुमच्या बाई